पत्र्याच्या बागेचे इतिहासकार

आमच्या मजल्यावरच्या बास्त्याव लोपीसकाकांना तुम्ही "आज फार उकडतंय" असं म्हणालात, तर ते रुमालाने मान पुसत पुसत विचारतात, "कोण बोलला? अटेस्टेड आहे काय?"

ज्यांनी आखातात संसार मांडलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे कुटुंब घेऊन यायचं तर लग्नाच्या दाखल्यावर आधी नोटरीचा शिक्का लागतो, मग राज्य सरकारचा, मग दिल्लीचा, मग वकिलातीचा आणि शेवटी इथल्या मंत्रालयाचा. पाचही बसले की तुमचं लग्न झालं. तोपर्यंत तुम्ही दोघं म्हणजे एकाच विमानातून उतरलेले दोन इसम. या शिक्केबाजीला अटेस्टेशन म्हणतात. काकांनी एकतीस वर्षं दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रं सांभाळली, त्यामुळे हे प्रकरण त्यांच्या अंगात पुरतं मुरलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही शारजात, अल मजाजला राहायला आलो, त्याच संध्याकाळी काका वसईच्या फुग्यांची बशी घेऊन दारात उभे राहिले. गोल, गोडसर, नुकत्या तळलेल्या. म्हणाले, "मी लोपीस. वसई. तुमचा डिग्रीचा पेपर अटेस्टेड आहे?" मी पुण्याची, इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या पदवीवर आजवर नातेवाइकांनी शंका घेतली होती, पण शेजाऱ्यांनी नाही. मी हो म्हणाले. "दाखवा," काका म्हणाले. मी दाखवली, त्यांनी शिक्के मोजले आणि मग बशी माझ्या हातात दिली. माझी मुलगी मिहिका आतून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "आई, ही इज लाइक अ ह्यूमन पीडीएफ."

आमची इमारत फक्त कुटुंबांसाठी आहे, एकट्या पुरुषाला इथे जागा मिळत नाही. काका मात्र एकटे राहतात. फिलोमिनाकाकी पाच वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी लग्न करून कॅनडात आहे. तरी मालकाने त्यांना हलवलं नाही, कारण मालकाच्या चार इमारतींचे कागद कुठल्या कपाटात आहेत हे एकट्या काकांना ठाऊक आहे.

आता मुख्य गोष्ट. राहायला येऊन आठवडा झाला असेल. रोज संध्याकाळी साडेसहाला, काका कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की, भिंतीपलीकडून खडखडाट सुरू व्हायचा. टिक-टिक-टिक, घर्र, टिक-टिक-टिक, घर्र. मी तीन दिवस सोसलं आणि चौथ्या दिवशी नातूरला, म्हणजे आमच्या वॉचमनला, बोलावलं. म्हटलं, शेजारच्यांचं वॉशिंग मशीन गेलंय, कपडे वाळवताना सुटून भिंतीवर आपटतंय. नातूर काकांच्या दारात गेला आणि हसत परत आला. "मॅडम, मशीन नहीं है. अंकल का गाना है."

पण माझंही अगदीच चुकलं नव्हतं. ते खरोखर वॉशिंग मशीनच होतं.

जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या एका छोट्या गावात, वॉशिंग मशीनच्या कारखान्यात तीन कामगार होते. एकाचं नाव उवे. हा मशीनचे टायमर तपासायचा. त्याने कारखान्यातून बाद झालेला एक टायमर घरी नेला, तारा उलटसुलट जोडल्या आणि तो एका जुन्या ऑर्गनला लावला. डायल फिरवली की ऑर्गन ठेक्यात टिकटिकायला लागायचा. दुसरा हॉर्स्ट, तो त्या टिकटिकीवर ड्रम वाजवायचा. तिसरा हॉर्स्टचा धाकटा भाऊ क्लाउस, तो बेस गिटारवर. जवळच्या बंदरावर अमेरिकन सैनिक होते, त्यांच्या रेडिओवर काळ्या अमेरिकन लोकांचं फंक नावाचं ठेकेदार संगीत लागायचं. क्लाउस ते ऐकून ऐकून शिकला. खाली अमेरिकेची कंबर हलतेय आणि वर जर्मनीचं मशीन चालतंय, असं ते मिश्रण होतं. बॅण्डचं नाव ब्लेखगार्टन. पत्र्याची बाग. चार रेकॉर्ड काढल्या, प्रसिद्धी अजिबात मिळाली नाही, आणि बॅण्ड मोडला.

मी माफी मागायला गेले तेव्हा हे सगळं मला काकांनी पहिल्या तासातच सांगितलं, आणि प्रत्येक वाक्यानंतर फाईल उघडून कागद दाखवला.

काका नोकरीला लागले त्या वर्षी जबल अलीच्या गोदामात एक खोका पडून होता. आत याच बॅण्डच्या दोनशे कॅसेट. ज्याने मागवल्या तो व्यापारी सापडेना, पाठवणारी कंपनी बुडालेली. शेवटी माल नष्ट करायचा हुकूम आला. काकांनी स्वतः उभं राहून तो नष्ट केला. "एकशे नव्व्याण्णव खलास," ते सांगतात, "एक सॅम्पल म्हणून रिटेन केली. लेटर आहे." तेव्हा ते लेबर कॅम्पात एका खोलीत आठ जणांबरोबर राहत होते. वसईत असताना लग्नाच्या बॅण्डमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे, इथे वाजवायला काही नव्हतं आणि जागाही नव्हती. वर्षभर त्यांनी ती एकच कॅसेट ऐकली. मी विचारलं, एवढं काय होतं त्यात? काका म्हणाले, "बेस होता, बाय. बेस म्हणजे लग्नातला मामा. फोटोत कुठेतरी मागे उभा असतो, पण तो नाय आला तर काम अडतं."

तर या पत्र्याच्या बागेचा इतिहास काका लिहीत होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं. सात बॉक्स फायली. प्रत्येक पानावर तीन रकाने: घटना, पुरावा, सही-शिक्का. त्या इतिहासात नुसता हॉर्स्ट असा कोणी नाही. इथल्या फॉर्मच्या सवयीने सगळीकडे पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पासपोर्टप्रमाणे आडनाव. "हॉर्स्ट विल्हेल्म क्रोगमान, ऑक्युपेशन ड्रमर, यांनी वर नमूद केलेल्या गाण्यात जोरात ड्रम वाजवला." गाण्याची लांबी, हॉलची क्षमता, बॅण्डच्या गाडीचं वजन रिकामं आणि भरलेलं. मी म्हटलं, काका, हा इतिहास वाचताना माल उतरवून घेतल्यासारखं वाटतं. ते खूश झाले.

प्रत्येक पान ते रजिस्टर पोस्टाने जर्मनीला पाठवायचे, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला किंवा तो नसेल तर त्याच्या विधवेला. सोबत इंग्रजीत एक पत्र: वरील मजकूर खरा असल्यास कृपया सही करून शिक्का मारावा. मी आधी हसले होते. कोण कशाला उत्तर देईल? पण माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती, जर्मन माणसालाही शिक्का आवडतो. पाकिटं परत यायला लागली. छापखान्याचा शिक्का, गावच्या चर्चचा शिक्का, अग्निशमन दलाचा लाल गोल शिक्का. बॅण्डची गाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याकडे शिक्का नव्हता, त्याने अंगठ्याला शाई लावून ठसा दिला आणि खाली दिलगिरी लिहिली. काका त्या पानाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला बोलतात माणूस."

त्या दिलगिरीमुळे मी यात अडकले. ती जर्मनमध्ये होती. पुण्यात एका पिढीच्या मुलींना भरतनाट्यम, पेटी किंवा जर्मन यांपैकी काहीतरी एक लागायचंच, मला जर्मन लागलं होतं. तीन परीक्षा दिल्या होत्या, वीस वर्षांपूर्वी. मी ती ओळ वाचून दाखवली आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू एवढी वर्षं मी हे त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं. "सर्टिफिकेट आहे?" त्यांनी विचारलं. होतं. अटेस्टेड नव्हतं. पहिल्यांदाच त्यांनी एवढ्यावर भागवून घेतलं.

या वर्षी मार्चमध्ये काकांच्या कंपनीने त्यांना पत्र दिलं. जूनअखेर निवृत्ती. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की आपण. काकांनी स्वतःसाठी एक यादी केली: घर रिकामं करणे, बँक, विमा, आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात, इतिहास पूर्ण करणे. एकूण चारशे बारा पानं होती, त्यांपैकी फक्त एकोणीस पानांवर सह्या राहिल्या होत्या. ती एकोणीसही एकाच माणसाची. उवे कधीच वारला होता, क्लाउसही. उरला होता हॉर्स्ट विल्हेल्म क्रोगमान, वय वर्षं ब्याऐंशी, आणि त्याच्याकडून पाकिटाला उत्तर येत नव्हतं.

मग एके दिवशी त्याची मुलगी उटे हिचा मेल आला. तिने लिहिलं होतं की वडील वृद्धाश्रमात असतात, त्यांना आता फारसं आठवत नाही. कधी कधी ते मलाही ओळखत नाहीत. पण तुमची पानं मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते सरळ बसले. तुम्ही दर रविवारी त्यांच्याशी बोलाल का?

काका हातात फोन घेऊन आमच्याकडे आले. "बाय," ते म्हणाले, "विटनेस मिळाला."

त्यानंतरचे सगळे रविवार माझ्या जेवणाच्या टेबलावर गेले. आमचे चार वाजलेले, त्यांचे दोन. इथे बहुतेक ॲपवरच्या कॉलना बंदी आहे, म्हणून चालणाऱ्या एकाच ॲपवर व्हिडिओ लावायचा. काका चर्चचे कपडे तसेच अंगावर ठेवून यायचे, पांढरा फुल शर्ट, खिशाला पेन. पडद्यावर एक उंच, वाळलेला म्हातारा. काका मराठीत पान सांगणार, मी त्याचं मोडकंतोडकं जर्मन करणार, तो ऐकणार. पहिल्या रविवारी तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या रविवारी बॅण्डची गाडी बर्फात रुतली त्याचं पान होतं. मला बर्फ आठवलं, रुतणे आठवेना, मी हातवारे केले. म्हातारा एकदम हसला आणि गाडी कोणी ढकलली, कोण नुसतं सिगरेट ओढत उभं राहिलं, ते सगळं भडाभडा सांगितलं. काकांनी फाईल तपासली. "करेक्ट," ते म्हणाले. "सिगरेट उवेच ओढत होता. ड्रायव्हरचा अंगठा आहे."

दर रविवारी दोन-तीन पानं. ऐकून झालं की उटे कागद पुढे ठेवायची, म्हातारा सही करायचा. एकदा त्याने चुकीची तारीख सांगितली तर काकांनी त्याला सोडलं नाही. मी दबक्या आवाजात म्हटलं, जाऊ द्या ना काका, आजारी माणूस आहे. "आजारी माणूस आहे, तारीख आजारी नाय," असं म्हणून त्यांनी त्या गावच्या वर्तमानपत्राचं कात्रण कॅमेऱ्यासमोर धरलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे सांगायला हवं.

जूनच्या शेवटून दुसऱ्या रविवारी एकच पान उरलं. शेवटचा कार्यक्रम.

ते पान काकांचा सगळ्यात मोठा पराक्रम होता. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं आणि क्लाउस घर सोडून मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून निघून गेला. अग्निशमन दलाच्या हॉलमधल्या त्या शेवटच्या कार्यक्रमात बेस वाजवला तो भाड्याने आणलेल्या एका शाळामास्तराने. पण गावातले काही जण म्हणायचे की क्लाउस आला होता, आयत्या वेळी. वाद मिटत नव्हता. तेव्हा काकांनी आपला धंदा कामाला लावला. चार वर्षं बोट कंपन्यांना पत्रं लिहून त्या बोटीवरच्या माणसांची यादी मिळवली, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी कोण कोण बोटीवर होतं त्याचा अधिकृत कागद. बोट तेव्हा इजिप्तमध्ये, पोर्ट सैदला उभी होती. सातवं नाव क्लाउस क्रोगमान. पुढे बोटीवरच तो वारला. भाऊ पुन्हा भेटले नाहीत.

काका त्या दिवशी दहा मिनिटं आधीच आले. यादी प्लास्टिकच्या पाकिटात. म्हणाले, "आज खलास, बाय. आज सगळं क्लोज."

मी वाचायला लागले. हॉल, तारीख, तिकिटं, किती माणसं. म्हातारा मान डोलवत होता. "बेस गिटारवर," मी वाचलं, आणि मास्तरांचं नाव घेतलं.

"नाही," हॉर्स्ट म्हणाला. "क्लाउस."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं.

हॉर्स्ट बोलत राहिला. सावकाश बोलत होता, त्यामुळे मला सगळं कळलं. क्लाउस उशिरा आला. केस ओले होते. मागच्या दाराने आला, माझ्याकडे बघितलं नाही, गिटार लावली आणि सुरू केलं. मग हॉर्स्टचा चेहरा बदलला. तो पडद्याच्या अगदी जवळ आला, आम्हाला नुसते त्याचे डोळे दिसायला लागले. त्याने मला नाही, थेट काकांना विचारलं, "तुमच्याकडे कागद आहेत. तुम्हाला माहीत असणार. माझा भाऊ आला होता ना?"

मागे उटे खाली बघत होती. मी मराठीत सांगितलं, "काका, तो विचारतोय, त्याचा भाऊ आला होता ना."

काकांनी यादी उचलली, बघितली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"सांग, आला होता."

"काका, पण ती यादी..."

"बाय, तू सांग त्याला. आला होता."

मी सांगितलं. व्याकरण चुकलं असेल, पण पोचलं. हॉर्स्टने विचारलं, कसं वाजवलं त्याने? काका म्हणाले, "फर्स्ट क्लास वाजवलं सांग. लोक उठून उभे राहिले." मी तेही सांगितलं. म्हातारा मागे टेकला आणि दोन बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला, बराच वेळ. उटेने डोळे पुसले आणि सहीसाठी पान पुढे केलं. काकांनी हात वर केला. "नको. ते पान सही नको. साइन करायचं काय नाय त्याच्यावर." आणि त्यांनी म्हाताऱ्याला हात जोडून नमस्कार केला.

फोन बंद झाला. चारशे बारापैकी चारशे अकरा पानं. काका आठवड्याभराने विमानात बसणार होते आणि इतिहास कायमचा अपुरा राहिला होता. मी चहा टाकला. म्हटलं, "तुम्ही खोटं बोलाल असं वाटलं नव्हतं."

काका बशीत चहा ओतून घेत होते. म्हणाले, "माझी आई जायच्या आधी एक वर्ष अशीच होती. काय आठवायचं नाय. दुपारी ताट समोर आलं की विचारायची, बास्त्याव आला काय? तो आला की जेवते. मी इथे. लीव्ह नाय. माझी बहीण रेजिना, ती घरी होती. ती रोज सांगायची, आलाय गं, विहिरीवर पाय धुतोय, तू बस जेवायला."

"मग?"

"मला एकदा फोनवर कळलं. मी तिला नको नको ते बोललो. म्हटलं, मी इथे जबल अलीत आणि तू मला तिथे प्रेझेंट दाखवते? माझी खोटी हजेरी लावायची नाय. ती काय बोलली नाय. त्याला आता नऊ वर्षं झाली. आई गेली. मातीला गेलो तेव्हा पण रेजिनाशी नीट बोललो नाय मी. नाताळला फोन करतो, हॅलो, हॅपी ख्रिसमस, खलास."

तारीख आजारी नसते म्हणणारा हा माणूस नऊ वर्षं हे मनात घेऊन चालला होता, आणि आम्ही त्याला ह्यूमन पीडीएफ म्हणून हसत होतो.

काकांनी चहा तसाच ठेवला आणि फोन काढला. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ते सगळ्यांशी स्पीकरवरच बोलतात. मी उठायला लागले तर त्यांनी हातानेच बस म्हणून सांगितलं. पलीकडे बराच वेळ रिंग वाजली.

"हां दादा?" बाईचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे." काका म्हणाले. "रेजिना, एक विचारायचं होतं. मी आलो असं तू सांगायचीस, तेव्हा आई जेवायची काय?"

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"जेवायची रे दादा," ती म्हणाली. "पोटभर जेवायची."